पैलवानाच्या छातीला लावलेला कान

आमच्या धंद्यात माणूस येतो तोच मुळी मेलेला असतो. निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत असतं. "डाक्टरसाहेब, आता मी काही वाचत नाई," असं म्हणत तो पायऱ्या चढतो, पुड्या घेतो आणि परत जाताना बाजारात भजी खात उभा असलेला दिसतो. वाशीमच्या माझ्या दवाखान्यात असे पुष्कळ मेलेले मी पाहिले. त्यांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती ठणठणीत माणसाची. दवाखान्यावरून मिशीला पीळ देत कोणी धिप्पाड गडी गेला की मी हातातली पुडी टाकून त्याचे घोटे पाहायला दारात येतो. असं का होतं, ते सांगण्यासाठी हा खटाटोप. संपादकांनी दिवाळीचं काहीतरी हसरं मागितलं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मी त्यांची आज्ञा पाळीन. पुढचं माझ्या हातात नाही.

आधी नटाची ओळख करून देतो. माझं शरीर म्हणजे धोतर वाळत घालायची काठी. नागपूरला डॉक्टरी शिकत होतो तेव्हा गॅदरिंगच्या नाटकात नायिका ठरलेली, मीच. नऊवारी नेसून मी पदर सावरला की पुढच्या रांगेतले प्रोफेसर चष्मे पुसायचे. आणि अशा या नायिकेचा जीव जडला होता कुस्तीवर. प्रेम नेहमी आपल्यापाशी नसलेल्या वस्तूवरच बसतं. कुठं जत्रा आहे, दंगल आहे असं कानावर आलं की दवाखान्याला कुलूप. ताप आलेल्यांनी माझी वाट पाहावी; मी फडाच्या कडेला बसून शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारतोय.

गोष्ट जर्मनीच्या लढाईच्या आधीची. एका विलायती वैद्यकीय मासिकात तेव्हा मोठा वाद जुंपला होता. फार व्यायाम करणाऱ्या माणसाचं हृदय मोठं होतं, ते रोगानं की ताकदीनं? तिकडचे विद्वान होड्या वल्हवणारी पोरं तपासून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मी म्हटलं, होड्या कशाला पाहिजेत? आमच्या वऱ्हाडात गावोगाव तालीम आहे. दिवस उगवायच्या आत जोर-बैठकांनी जमीन भिजवणाऱ्या छात्या आहेत आणि त्यांना अजून कोणी कान लावलेला नाही. तो मी लावीन. निबंध माझ्या डोळ्यांपुढे छापूनही झाला, आणि त्यावरच्या टाळ्याही मी वाकून स्वीकारल्या.

काम साधं होतं. पैलवान स्वस्थ बसलेला असताना नाडी पाहायची, बैठका मारून झाल्यावर पुन्हा पाहायची. छातीचं माप घ्यायचं, नळी लावून हृदय ऐकायचं, लघवी तपासायची. बाजाराच्या दिवशी मी केनवडला जात असे, तिथून आसपासच्या तालमी धुंडाळत असे. पहिल्याच तालमीत अडलं. आमच्या त्या नळीनं अंगातली ताकद ओढून घेतली जाते, असं पैलवानांचं मत पडलं. तालमीत टकरीचा एक एडका पाळलेला होता. वस्तादांनी हुकूम सोडला, आधी त्याला लावा. मी लावली. एडक्याचं हृदय उत्तम होतं. नळी काढताच त्यानं मला अशी ढुशी दिली की मी हौदाच्या मातीत उताणा पडलो, आणि त्याची ताकद शाबूत असल्याचं सर्वांना पटलं. माझ्या संशोधनाला असा प्रारंभ झाला.

लघवीचं प्रकरण त्याहून मौजेचं. एका तालमीत मी प्रत्येकाला बाटली दिली. दुसऱ्या खेपेला गेलो तर वस्ताद पितळेचा एक भला मोठा तांब्या घेऊन हजर, काठोकाठ भरलेला. सगळ्यांची एकत्र. मी कपाळाला हात लावला. वस्ताद शांतपणे म्हणाले, "तालीम येक, खुराक येक, वस्ताद येक. मंग लघवी येगयेगळी कायले पाह्यजे?"

पण हळूहळू छात्या माझ्या कानाला लागल्या, आणि जे ऐकू आलं त्यानं मी वेडा झालो. तुमची-माझी नाडी टांग्याच्या घोड्यासारखी टापटाप पळते. पैलवानाची नाडी म्हणजे भरल्या गाडीचा बैल. सावकाश, पण एकेक पाऊल वजनाचं. आमच्या पुस्तकात इतक्या सावकाश नाडीला रोग म्हटलेलं. इथं तर तालीमच्या तालीम त्या रोगानं भरलेली आणि एकेकजण खांद्यावर बैल घेऊन चढण चढेल असा. हृदयाला तालीम दिली तर तेही पैलवान होतं, कमी हापसून जास्त पाणी काढतं, हे मला माझ्या कानानं कळलं होतं. त्या दिवसांत मी रस्त्यानं गुणगुणत चालत असे.

आणि मग मी रहमानच्या छातीला नळी लावली.

त्याचं गाव केनवडच्या पलीकडे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याकडे औषधाला येतात आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. रहमान पिंजाऱ्याचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला. आई जैतुनबी घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजून देई. पोराचं हाडपेर पाहून दौलतबुवा वस्तादांनी त्याला तालमीत घेतलं, आणि गावानं त्याला दुधावर लावलं. ही रीत समजून घेतली पाहिजे. गावाचा म्हणून एक पैलवान असतो. त्याचं दूध पाळीनं घराघरातून येतं. ज्या घराची पाळी, त्या घरच्या लेकरांनी त्या दिवशी ताक प्यायचं. जात-धर्म कोणी विचारत नाही. कुणब्याच्या म्हशीचं दूध पिंजाऱ्याच्या पोरात जातं आणि पोर गावाचं होतं. जत्रेत तो शड्डू ठोकतो तेव्हा प्रत्येक घराला वाटतं, हा आवाज आपल्या म्हशीचा.

रहमान पंचविशीच्या आतला. अंग असं, की पाहत राहावं. आणि छातीत भलताच आवाज.

वैद्यकी थोडक्यात सांगतो. लोहाराचा भाता पाहिलाय ना? त्याला आतून चामड्याची एक झडप असते. हवा आत येते, झडप मिटते, हवा पुढेच जाते. हृदयात तशाच झडपा असतात आणि त्या मिटल्याचा आवाज आपण ऐकतो. लब-डब, लब-डब. रहमानची एक झडप फाटकी होती. प्रत्येक ठोक्याला रक्त मागं फिरत होतं आणि मधल्या जागेत घर्र असा आवाज करत होतं. मी त्याला लहानपणचं विचारलं. हो, म्हणाला, एकदा पुष्कळ दिवस ताप आलता, एक गुडघा सुजे, तो उतरला की दुसरा. हाच तो ताप. सांधे चाटून जातो आणि हृदयाला चावतो. बाकी पैलवानांची नाडी बैलासारखी, याची मात्र बसल्या जागी धावणारी.

मी दौलतबुवांना बाजूला घेऊन सांगितलं, याला कुस्ती बंद. माती बंद, बैठका बंद. ताण दिला तर मरेल. दौलतबुवा माझ्याकडे आणि माझ्या मनगटांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. त्यांचं म्हणणं डोळ्यांतून सरळ दिसत होतं, की आमच्या दोघांत मरायला टेकलेला कोण आहे ते सांगायला नळी कशाला पाहिजे.

आता माझ्यातला नट जागा झाला. सांगून पटत नाही तर ऐकवू. चावडीवर गाव जमवलं. आधी पाटलांची छाती उघडी केली आणि एकेकाच्या कानाला नळी लावून लब-डब ऐकवलं. लोक हरखून गेले. मग रहमानला पुढं बसवलं आणि म्हटलं, आता हे ऐका, आणि फरक तुम्हीच सांगा. पाटलांनी नळी कानाला लावली. पुष्कळ वेळ ऐकलं. चावडीवर कोणी खाकरलंही नाही. माझा प्रवेश रंगला होता. पाटलांनी नळी काढली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

"आपल्या छातीत घड्याळ हाय जी. पैलवानाच्या छातीत वाघ गुरगुरून राह्यला."

त्यानंतर मला कोणी बोलू दिलं नाही. रांग लागली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्यांना वाघ ऐकायचा होता. दौलतबुवांनी ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी ओरडून सांगत होतो की हे फाटलेल्या झडपेचं बोलणं आहे. लोक मला मानानं बाजूला सारत होते. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत यशस्वी नाटक. एकट्या जैतुनबीनं नळी हातात घेतली नाही. ती मागं उभी होती, आणि तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं.

वाघाची बातमी चहूकडे गेली. जत्रेत रहमानची जोड रिठदच्या पैलवानाशी होती. रिठदच्या गड्यानं फडात उतरून हात मिळवला खरा, पण त्याची नजर समोरच्याच्या हातांवर नाही, छातीवर. कुस्तीत नजर गेली की पाय जातो. रहमाननं त्याला पाहता पाहता आस्मान दाखवलं. वाजंत्री, गुलाल, खांद्यावर मिरवणूक. गर्दी पांगल्यावर मी त्याला शोधत पालांच्या मागं गेलो. तो गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. ओठ जांभळे पडलेले. "दम लागून राह्यला जी," म्हणाला, आणि मग घाईनं, "कोनाले सांगू नका."

पावसाळा संपत आला तसं हृदय थकलं. हृदय थकलं म्हणजे पाणी अंगात साठतं. आधी घोटे सुजतात, मग पिंढऱ्या, मग मांड्या. आणि त्या गावात दर हंगामाला एक रिवाज होता. कापसाच्या अडत्याचा काटा टांगला की पहिल्यानं पैलवानाला तोलायचं, मग कापूस. त्या वर्षी काटा लागला आणि रहमानचं वजन भलतंच वाढलेलं निघालं. गावात साखर वाटली.

मी सांगत होतो, अरे हे पाणी आहे. मी सगळ्यांसमोर त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. म्हटलं, पाहा, हे मांस नाही. दौलतबुवांनी आपलाही अंगठा दाबून पाहिला आणि कौतुकानं म्हणाले, "दुधावर वाढलेलं अंग हाय डाक्टरसाहेब. लोन्यात बोट रुतनारच."

रहमानच्या घरात खरा काटा वेगळाच होता. माणसाचं हृदय असं थकलं की त्याला आडवं झोपता येत नाही. छातीत पाणी चढतं. उशाला उंच लागतं. जैतुनबी आधी एक उशी देत होती. मग तिनं दुसरी भरली, मग तिसरी. पिंजाऱ्याचं घर, कापसाला तोटा नाही. मी गेलो की ती नवी उशी फक्त हातानं थोपटून दाखवी. गाव काट्यावर पोराला तोलत होतं, आई उशांवर. शेवटी तो बसूनच झोपू लागला.

माझ्याकडे एक औषध होतं. विलायती झाडाच्या पानांचा अर्क, थेंब मोजून द्यायचा. थकलेल्या हृदयाला तो लगाम घालतो, ठोके सावकाश आणि पक्के होतात, लघवी मोकळी होते आणि साठलेलं पाणी वाहून जातं. फाटकी झडप त्यानं शिवली जात नाही. पण माणूस घरात हिंडू-फिरू शकतो, बसून करायचं काम करू शकतो, दोन-चार वर्षं सुखानं काढू शकतो. नागपूरहून मागवून मी ते सुरू केलं. मीठ बंद केलं. आठवड्याच्या बाजाराला पुन्हा गेलो तर रहमान एका उशीवर आडवा झोपलेला. जैतुनबीनं उरलेल्या उशा उन्हात टाकल्या होत्या. ती त्या दिवशी हसली. मी केनवडपर्यंत नाटकातली पदं म्हणत आलो.

पण पाणी उतरलं आणि आतला माणूस उघडा पडला. दंड गेले होते, खांद्यांची हाडं दिसत होती. रोगानं मांस केव्हाच खाल्लं होतं, सुजेनं ते झाकून ठेवलं होतं, एवढंच. काटा अजून टांगलेला होता. लोकांनी त्याला पुन्हा तोललं. पारडं वर गेलं आणि या खेपेला साखर निघाली नाही.

मी पोचलो तेव्हा चावडीवर सगळे बसले होते. कोणी मला वेडंवाकडं बोललं नाही. पाटलांनी नम्रपणे विचारलं की असं कसलं औषध आहे जे गावाचा पैलवान लघवीवाटे वाहून नेतं. मी पुन्हा भाता सांगितला, झडप सांगितली. हात जोडले. मग म्हणालो, दूध बंद करा, म्हणजे त्याच्या वजनाचा हिशेब कोणी मागणार नाही, पण औषध चालू द्या. तिथं मी हरलो. दूध बंद करायला एकही घर तयार नव्हतं. आजारी आहे म्हणून त्यांनी पाळ्या दुप्पट केल्या होत्या. ज्यांच्या घरी म्हैस भाकड, त्यांनी शेजारून मागून आणलं होतं. एवढ्या मायेशी भांडायचं कसं, हे आम्हाला शिकवलेलं नाही.

मी रहमानच्या घरी गेलो. बाटली कोनाड्यात होती तशीच, बूच लावलेली. जैतुनबी दाराशी बसली होती. तिचं त्याला समजावून झालं होतं, शपथा घालून झाल्या होत्या.

मी म्हटलं, "रहमान, या औषधावर तुला झोप लागते की नाही?"

"लागते जी."

"दम कमी आहे?"

"कमी हाय."

"मग काहून सोडलं?"

तो आपल्या मनगटाकडे पाहत राहिला. माझ्यासारखंच झालं होतं ते.

"लोक इचारतेत जी, दूध कुठं गेलं. शेजारच्या सोपानच्या घरची लेकरं ताक पेऊन राह्यली माह्यापायी. त्याइले काय सांगू? लघवीत गेलं म्हनू?" मग हळूच म्हणाला, "कुस्ती तर गेलीच. आता अंग तरी राहू द्या. लोकाइले पाहाले."

मी खूप बोललो. विनोद केले, रागावलो, शेवटी नागपूरच्या रंगभूमीवर कधी रडलो नव्हतो इतका खरा रडलो. तो मला समजावीत होता. बाटलीचं बूच त्यानं पुन्हा काढलं नाही.

सूज परत आली. काट्यावर पारडं खाली बसू लागलं आणि लोकांचे चेहरे उजळले. उशा उन्हातून आत गेल्या. थंडी पडायच्या सुमारास एका सकाळी तो बसल्या जागी गेला, पाठ कापसाला टेकलेली.

मी वाशीमहून पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. सगळं गाव होतं. कुणब्यांची पोरं खांदा द्यायला पुढं झालेली. दर थोड्या अंतरावर खांदे बदलावे लागत होते. दौलतबुवांनी म्हाताऱ्या खांद्यावर घेतलं, आणि रडत रडतच मागच्यांना सांगत होते, "पाहा बापाहो, काय वजन हाय. असा भरलेला गेला माहा गडी." लोक माना डोलवत होते. माझ्याही खांद्यावर आलं. खांद्यावर काय आहे, हे त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं. पाणी होतं. चार थेंबांनी उतरलं असतं असं पाणी.

निबंध मी लिहिला नाही. छात्या ऐकणं सोडलं. पैलवानाचं मोठं हृदय ताकदीचं असतं, हे पुढं विलायतेत कोणी सिद्ध केलं असेल तर त्याचं भलं होवो. ते खरंच आहे. पण आजारी माणसाला आजारी म्हणवून घ्यायची परवानगी कोणी द्यायची, यावर ते मासिक काही छापत नाही.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर जैतुनबीकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती, पिंजायची धनुकली भिंतीला टेकवलेली. पाटलांच्या घरून निरोप आला होता, गाद्या पिंजायच्या आहेत. सोपानच्या घरूनही. ती गेली नव्हती. मला बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि मग विचारलं,

"साब, सच बोलो. दवा चालू रैती तो बच जाता था क्या?"

मी रंगभूमीवर पुष्कळ खोटं बोललो आहे. लोकांनी टाळ्या दिल्या आहेत. त्या ओट्यावर मला एकच वाक्य होतं आणि त्याची तालीम झालेली नव्हती. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणालो, "नाही, जैतुनबी. नसता वाचला."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, चावडीवर पाहिलं होतं तसंच. मग उठली. धनुकली खांद्याला लावली.

"अल्ला तुमको खुश रक्खे साब," म्हणाली. "अब मैं उनके घर जा सकती."